खिशातला राजीनामा

२०२२ च्या जूनमध्ये एक गृहस्थ नाशिकमधील माझ्या समुपदेशन कक्षात आले आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो त्यांच्या बँकेतील नोकरीचा राजीनामा होता. मजकूर आठ महिन्यांपूर्वीच लिहून झाला होता, खाली सही होती आणि तारखेची जागा तेवढी कोरी होती. घड्यांच्या रेषांवर कागद इतका विरला होता की मधल्या दोन ओळी मला वाचता आल्या नाहीत. "मॅडम, मी भित्रा आहे का, एवढेच मला स्पष्ट सांगा," असे ते म्हणाले.

धोका पत्करावा की आहे ते सांभाळून राहावे, हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या वेशांत येतो. कोणी बदलीबद्दल विचारतो, कोणी परदेशातील नोकरीबद्दल, कोणी मोडकळीस आलेल्या लग्नाबद्दल. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' किंवा 'नाही' एवढेच ऐकायचे असते आणि तेच सांगण्याचा अधिकार मला नसतो, म्हणून या गृहस्थांची हकीकत मी त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे. दोन भावांपैकी ते धाकटे. घरात त्यांची तीच ओळख असल्यामुळे मीही त्यांना येथे धाकटे असेच म्हणेन.

धाकट्यांचे वय तेव्हा ४१ होते. गाव निफाड तालुक्यातील, घरची चार एकर द्राक्षबाग. वडिलांचे आजारपण सुरू झाले तेव्हा थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, दहावीनंतर शाळा सोडून बाग हाती घेतली आणि धाकट्याला शिकवले. धाकटे २०११ मध्ये राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी म्हणून लागले. शहरात सदनिका, तिचे कर्ज बँकेच्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या दराचे, पत्नी विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर शिक्षिका, मुलगी नववीत. आदल्या वर्षी एका शेतकरी मेळाव्यात त्यांनी संगणक क्षेत्रातील मोठी नोकरी सोडून शेतीत उतरलेल्या एका तरुणाचे भाषण ऐकले होते. 'ज्याला उडी मारता येत नाही त्याने स्वप्न पाहू नये' अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला होता. ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसले आणि त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा लिहिला.

अशा भाषणांविषयी माझे मत मी लपवत नाही. ज्याची बाग तगली तो व्यासपीठावर येतो. ज्याला बाग उपटून टाकावी लागली, त्याला भाषणाला कोणी बोलावत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या मनात यशाचे प्रमाण आपोआप फुगते. आणि जो उडी मारत नाही तो भित्रा, ही शिकवण तर मला उघड उघड घातक वाटते. धाकट्यांनी आठ महिने दर रात्री स्वतःला तोच शब्द लावला होता. त्यांची झोप तुटत होती, शाखेत आकडे लिहिताना हात थबकत होता आणि घरी मुलीवर विनाकारण आवाज चढत होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली आणि माझ्या कामाचा पाया बऱ्याच अंशी तीच आहे. तिचे एक सूत्र असे की माणसाच्या एखाद्या कृतीचे मोजमाप करता येते, सबंध माणसाचे करता येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात मी त्यांना सांगितले की तुम्ही भित्रे आहात की नाहीत याचे उत्तर मी देणार नाही, कारण तो प्रश्न सोडवून तुमच्या हाती काहीच लागणार नाही. आठ महिन्यांत तारीख का टाकली गेली नाही, हे मात्र आपण दोघे मिळून शोधू शकतो.

दुसऱ्या सत्रात मी त्यांना एकच प्रश्न विचारला. विमा पॉलिसी विकण्याचे जे उद्दिष्ट शाखेवर लादलेले आहे ते उद्यापासून रद्द झाले, तर हा कागद खिशात राहील का? ते बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "निम्मा राहील." हे 'निम्मे' फार मोलाचे होते. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात पॉलिसी मारताना त्यांना स्वतःची शरम वाटत असे आणि त्या शरमेतून सुटका हवी होती, हा एक भाग. बागेची ओढ हा दुसरा, आणि तो खरा होता. बाग हा शब्द उच्चारला की त्यांचे बोलणे बदलत असे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी म्हणजे फळछाटणी, घडांची विरळणी यांविषयी ते न थांबता बोलत. तिसरा भाग त्या भाषणाने लावलेला कलंक पुसून काढण्याचा. तिन्हींची मोट एका कागदात बांधली गेली होती, त्यामुळे तो सहीपाशीच अडून राहिला होता.

एलिस यांनी स्वतःचा एक अनुभव अनेकदा सांगितला आहे. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. ती घालवण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या शंभर स्त्रियांशी आपणहून बोलणे सुरू केले. त्यांतली एकच पुन्हा भेटायला तयार झाली आणि तीही ठरल्या वेळी आली नाही. तरी भीती गेली, कारण शंभर वेळा नकार मिळूनही काही भयंकर घडले नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. हा प्रसंग मी पुष्कळांना सांगते, धाकट्यांनाही सांगितला, पण सांगताना एक भेद आवर्जून करते. एलिस यांनी पणाला लावली होती ती केवळ स्वतःची लाज. जिथे फक्त लाज जाण्याची भीती असते तिथे मी माणसाला पुढे जायलाच सांगते: सभेत बोला, पगारवाढ मागा, नको असलेल्या गोष्टीला नकार द्या. जिथे पोटाचा, कर्जाच्या हप्त्याचा आणि दुसऱ्याच्या घरट्याचा प्रश्न येतो, तिथे तीच हिंमत उचलून लावता येत नाही. पुष्कळ लोक लाजेच्या धोक्याला पोटाचा धोका समजून आयुष्यभर गप्प राहतात आणि काहीजण पोटाच्या धोक्याला लाजेचा धोका समजून एका रात्रीत सगळे उधळून मोकळे होतात. धाकट्यांच्या प्रश्नात हे दोन्ही धोके एकमेकांत गुंतलेले होते.

तिसऱ्या सत्रात मी त्यांना डोळे मिटून दोन सकाळी तपशीलवार सांगायला लावल्या. पहिली अशी, की राजीनामा देऊन वर्ष झाले आहे आणि रात्री गारपीट होऊन गेली आहे. दुसरी अशी, की ते साठ वर्षांचे आहेत आणि बँकेतून निवृत्त होऊन काल घरी आले आहेत. पैशांचे काय होईल, हे पहिल्या सकाळीचे वर्णन करताना त्यांनी शांतपणे सांगितले. आवाज अडला तो एका वेगळ्याच वाक्यावर, "दादाच्या तोंडाकडे मी कसा बघू." दुसऱ्या सकाळी ते मनाने बागेत गेले आणि म्हणाले, "कोणत्या प्लॉटला कलमाचे कोणते खुंट आहे, हे मला दादाला विचारावे लागते आहे." या वाक्यानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

गमावण्याची भीती माणसाच्या हिशेबात किती जड असते, हे डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. त्यांच्या पुढच्या कामातून असे दिसले की काही गमावण्याचे दुःख तेवढेच मिळवण्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट भरते. ट्वेर्स्की १९९६ मध्ये गेले आणि काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे मी धाकट्यांना सांगितले ते एवढ्यासाठी, की आठ महिने तारीख न टाकणे हा त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. माणसाचे मन असेच घडलेले आहे. त्यांनी लगेच उलट विचारले, की माणसाला न केलेल्या गोष्टींचाच पश्चात्ताप जास्त होतो असेही म्हणतात ना? म्हणतात, आणि त्याला आधारही आहे. गिलोविच आणि मेडवेक या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवले की केलेल्या चुकीची टोचणी सुरुवातीला अधिक असते आणि लांबच्या काळात न केलेल्या गोष्टींची हळहळ मागे उरते. परंतु हे निष्कर्ष अमेरिकेतील लोकांच्या उत्तरांवर उभे आहेत आणि तिथल्या माणसाने स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहणे हे एका एकत्र कुटुंबातील धाकट्या भावाच्या मागे वळून पाहण्यासारखे नसते. 'न केल्याचा पश्चात्ताप होईल' हे वाक्य मी कोणालाही ढकलण्यासाठी वापरत नाही.

चौथ्या सत्रात आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. समुपदेशकाने आकड्यांत शिरू नये असे मानणारे सहकारी मला माहीत आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण आकडे न पाहता धोक्याविषयी बोलणे म्हणजे अंधारात सावलीशी झगडणे. राजीनामा दिला की गृहकर्जाचा सवलतीचा दर सुटणार होता आणि हप्ता वाढणार होता. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्या बँक कर्मचाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, ते नव्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेत येतात. तेव्हाच्या नियमानुसार साठीच्या आत बाहेर पडणाऱ्याला साठलेल्या रकमेपैकी किमान ८० टक्के भाग वार्षिकीत, म्हणजे पुढे ठरावीक उत्पन्न देणाऱ्या योजनेत, गुंतवावा लागत असे, म्हणजे राजीनाम्यानंतर हाती मोठी रक्कम येईल हा त्यांचा समज चुकीचा होता. नवी लागवड करायची तर आधी खुंट लावायचे, मग त्यावर कलम भरायचे, आणि पहिले पीक हाती यायला साधारण दोन वर्षे. हे सगळे त्यांना सुटे सुटे माहीत होते. बँकेत रोज दुसऱ्यांच्या प्रकल्पांचे असेच हिशेब तपासणाऱ्या या माणसाने स्वतःच्या आठ महिन्यांत एकदाही ते एका पानावर मांडले नव्हते.

यानंतर मी त्यांना पत्नी आणि दादा यांना घेऊन यायला सांगितले. ते कचरले, कारण राजीनाम्याचे दादाला ठाऊकच नव्हते. पत्नीला खिशातला कागद धुण्याच्या वेळी सापडला होता आणि तिने तो न बोलता परत खिशात ठेवला होता.

त्या दिवशी जे बोलणे झाले ते माझ्या आजवरच्या कामातील फार थोड्या विलक्षण तासांपैकी एक आहे. पत्नी म्हणाल्या, "अहो, मला पावसाची भीती नाही. मीही शेतकऱ्याच्याच घरची आहे. आठ महिने तुम्ही एकटेच ठरवत बसलात आणि मी तुम्हाला ते विचारलेही नाही, याची मला भीती वाटते." मग दादा बोलू लागले. त्यांना राग येईल असे धाकट्यांना वाटले होते. दादांनी कागद हातात घेतला, वाचला नाही आणि म्हणाले, "तू भित्रा कसा रे? २०१४ च्या गारपिटीत बाग झोपली, तेव्हा औषधवाल्याची उधारी तुझ्या पगारातून फिटली. लॉकडाउनात व्यापारी फिरकला नाही, माल बेदाण्याला टाकला, तेव्हाही तूच होतास. मी दर वर्षी ऑक्टोबरात छाटणीला हात घालतो तो तुझा पगार मागे आहे म्हणून. नाहीतर मी कशाला एवढा जुगार खेळलो असतो?"

धाकटे सुन्न झाले होते, आणि खरे सांगायचे तर मीही. तोपर्यंतच्या चार सत्रांत मी त्यांच्या नोकरीकडे सुरक्षित बाजू म्हणूनच पाहत होते, म्हणजे प्रश्नाची त्यांनी केलेली मांडणी मीही नकळत स्वीकारली होती. दादांच्या बोलण्याने ती चूक माझ्या ध्यानात आली. एक भाऊ नोकरीत आणि एक भाऊ शेतीत, ही आपल्याकडच्या हजारो घरांची जुनी रीत आहे. तिला कोणी विमा म्हणत नाही, पण ती तेच काम करते. बँकेत लागल्यापासूनची अकरा वर्षे धाकटे दर हंगामाचा धोका आपल्या पगाराच्या खांद्यावर तोलत आले होते आणि ज्याच्या बाहेर आपण घाबरून उभे आहोत असे समजत होते, त्या खेळात ते पहिल्या दिवसापासून होते. उद्या दोघेही बागेत उतरले असते तर एकाच रात्रीचा पाऊस दोन्ही चुली विझवू शकला असता.

मग त्यांची बागेची ओढ खोटी होती का? मुळीच नाही, आणि 'तुझा पगार हवा आहे, म्हणून तू तिथेच राहा' असा अर्थ या बोलण्यातून निघू देणे मला अन्यायाचे वाटले. मी दादांना तसे स्पष्ट विचारले. त्यांनी थोडा विचार करून दिलेले उत्तर मी त्याच दिवशी माझ्या वहीत उतरवून ठेवले: "मॅडम, सगळे प्लॉट कोणी एकाच तारखेला छाटत नाही."

द्राक्षपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. फळछाटणी लवकर धरली तर माल लवकर येतो आणि भाव चढा मिळतो, मात्र परतीच्या पावसात बाग सापडण्याची शक्यता वाढते. सटाणा, कळवण, देवळा या भागांतील शेतकरी हा आगाप, म्हणजे लवकरच्या छाटणीचा, धोका जाणूनबुजून घेतात. उशिरा छाटलेली बाग पावसातून वाचते, पण तिचा माल बाजारात गर्दी असताना येतो. म्हणून ज्याच्याकडे तीन-चार तुकडे आहेत तो त्यांच्या तारखा मागेपुढे ठेवतो. एखाद्या तुकड्यावर धाडस करतो आणि एखादा जपतो. मजुरांची टोळीही त्यामुळे पुरते. दादांनी पुस्तक न उघडता माझ्या समोर जे ठेवले, ते मी इतकी वर्षे या प्रश्नात शोधत होते. धोका की सुरक्षितता हा प्रश्न सबंध आयुष्याला एकदम विचारला की माणूस गोठतो. तोच प्रश्न तुकड्यातुकड्याला विचारला तर हात चालू लागतो.

पुढच्या दोन सत्रांत त्यांनी जे ठरवले ते असे. नोकरी तूर्त सोडायची नाही. निफाडच्या बाजूच्या ग्रामीण शाखेत विनंती बदली मागायची. चारपैकी एक एकर सर्वस्वी धाकट्यांचा: त्याची छाटणीची तारीख, औषधे, विक्री सगळे तेच ठरवणार आणि त्याचा खर्च त्यांच्या बचतीतून होणार. सलग दोन हंगाम तोटा झाला तर तो तुकडा दादाच्या हाती परत द्यायचा आणि त्यात कोणी कोणाला बोल लावायचा नाही. राजीनाम्याचा विचार पुन्हा कधी करायचा याच्या अटीही लिहिल्या: गृहकर्ज फिटलेले असावे, घरखर्चाची दोन वर्षांची रक्कम वेगळी ठेवलेली असावी आणि पत्नीने स्वतःच्या तोंडाने होकार दिलेला असावा. शेवटची अट धाकट्यांनी स्वतः घातली. पॉलिसींच्या बाबतीत मात्र मी त्यांना लगेचच पाऊल उचलायला सांगितले. ज्याला नको आहे त्याच्या गळ्यात आपण पॉलिसी मारणार नाही, हे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. तिथे पणाला फक्त लाज आणि थोडी नाराजी लागत होती. नाराजी झालीही आणि त्या वर्षीचा त्यांचा वार्षिक अहवाल साधारण आला.

येथे एक खुलासा करणे मला गरजेचे वाटते, कारण या हकीकतीवरून मी सर्वांना थांबायला सांगते असा समज होऊ नये. त्याच वर्षी एकतीस वर्षांचा एक तरुण माझ्याकडे येत होता. राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करत त्याची पुण्यातील खोलीत आठ वर्षे गेली होती. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्याने 'अजून सात वर्षे आहेत' असे घरचे म्हणत आणि मामाच्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या धंद्यात जाणे त्यांना धोक्याचे वाटे. सरकारी नोकरी सुरक्षित असते हे खरे, पण ती मिळवण्यासाठी लावायची ही सात वर्षे सुरक्षित नसतात आणि घरातल्या कोणीही ती पणाला लावलेली रक्कम म्हणून मोजली नव्हती. त्याला मी धंद्यात पाऊल टाकायला उत्तेजन दिले. थांबणे फुकट असते हा समज मी जितक्या घरांत पाहिला आहे तितका दुसरा कोणताच पाहिलेला नाही.

धाकट्यांची बदली २०२३ च्या उन्हाळ्यात झाली. त्यांनी आपला एकर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटला, दादाच्या सल्ल्याविरुद्ध, चढ्या भावाच्या आशेने. २६ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, निफाड परिसरावर अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. त्यांच्या तुकड्यातील मणी तडकले आणि घड जमिनीवर आले. दादांचे उशिरा छाटलेले तुकडे नाल्यापलीकडे होते, तिथे पाऊस झाला पण गारा कमी पडल्या. सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती, म्हणून दोघे भाऊ दिवसभर बागेतच होते. मंगळवारी सकाळी धाकटे शाखेत गेले आणि संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "दादाच्या तोंडाकडे बघितले, मॅडम. बघता आले." मग ते रडले आणि मी ऐकत राहिले. त्या रात्री ते सहा तास झोपले, हे त्यांनी पुढच्या भेटीत सांगितले.

पुढच्या हंगामात त्यांनी तारीख महिनाभर पुढे नेली, एकराच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकचे आच्छादन घातले आणि खर्च वजा जाता थोडी रक्कम उरली. अट मोडली गेली नाही, तुकडा त्यांच्याकडेच राहिला.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला, तेव्हा ते छाटणीच्या तयारीत होते आणि पत्नीची बदललेली शाळा, कर्जाचे उरलेले हप्ते, दादाचे गुडघे अशा सगळ्या गोष्टी एका दमात सांगत होते. मी राजीनाम्याविषयी विचारले. तो कपाटात आहे आणि तारीख अजून टाकलेली नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी फोन करण्याचे खरे कारण सांगितले: मुलगी आता बारावीला आहे, पुढे काय करायचे याविषयी तिला कोणाशी तरी बोलायचे आहे, आणि ती माझ्याकडे एकटी आली तर चालेल का?